जर्सीवरचं नाव, बाटलीचं सूत आणि लाकडाचं मैदान: बास्केटबॉलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमची छोटी शेड आहे. एक सब्लिमेशन प्रिंटर, दोन हीट प्रेस, सहा शिलाई मशिनी. शाळांचे गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या या शहरात आम्ही फक्त खेळाच्या जर्सी करतो. पोरं मोबाईलवर लेकर्स नाहीतर वॉरियर्सचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मामा, सेम अशीच पायजे." मग प्रश्न सुरू होतात, आणि ते दर वर्षी तेच असतात. व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही प्रश्न पोरांचे, काही पालकांचे, काही मंडळाच्या खजिनदारांचे.

एनबीएच्या जर्सीवर जाहिरात कधीपासून आली?

तशी अलीकडेच. एप्रिल २०१६ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, संघमालकांच्या मंडळाने मंजुरी दिली आणि २०१७-१८ च्या हंगामापासून प्रायोजकाची पट्टी अंगावर आली. आकार अडीच इंच बाय अडीच इंच, म्हणजे काडेपेटीहून जेमतेम मोठा. जागा डाव्या खांद्याखाली, छातीवर. त्याच हंगामात गणवेशाचं कंत्राट आदिदासकडून नायकेकडे गेलं आणि गणवेश बनवणाऱ्या कंपनीची खूणही पहिल्यांदाच जर्सीच्या छातीवर आली, उजव्या बाजूला. त्याआधी एनबीएची नेहमीची जर्सी म्हणजे संघाचं नाव, नंबर, आडनाव. बस.

पहिला करार फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सनी तिकिटं विकणाऱ्या स्टबहब कंपनीशी केला, वर्षाला ५० लाख डॉलरचा. पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि राकुतेन कंपनी यांच्या कराराचा आकडा वर्षाला २ कोटी डॉलर छापून आला. त्या मानाने महिलांच्या डब्ल्यूएनबीएने हे आधीच केलं होतं. २००९ मध्ये फिनिक्स मर्क्युरीने छातीवरचं स्वतःचं नाव काढून तिथे लाइफलॉक कंपनीचं नाव घातलं. पैसा कमी असला की छाती आधी विकली जाते. हे सांगायला आम्हाला अमेरिकेत जायची गरज नाही.

युरोपात तर क्लबच्या नावातच कंपनी बसलेली असते. मिलानचा संघ 'एम्पोरियो अर्मानी मिलानो' म्हणून खेळतो.

एवढ्याशा चौकोनाला एवढे पैसे का?

फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर एकट्याने रेषेवरून चेंडू टाकायच्या वेळी कॅमेरा कुठे असतो ते बघा. खेळाडू एकटा, स्थिर, छातीपासून वर. अडीच इंच तेव्हा पडदाभर दिसतात. आणि तीच क्लिप, तोच फोटो वर्षानुवर्षं मोबाईलवर फिरत राहतो.

मग आमच्या जर्सीवर सात प्रायोजक बसवता येतील का?

बसवता येतील. पण का बसवायचे?

आपल्याकडे चौकात वाढदिवसाचं डिजिटल लागतं तसं जर्सीचं होतं. वर आधारस्तंभ, मध्ये मार्गदर्शक, खाली सौजन्य, आणि कोपऱ्यात कुठेतरी ७ नंबर. गेल्या वर्षी एक खजिनदार आले. पाठीवर ज्वेलर्स, पतसंस्था, चहाची फ्रँचायझी आणि एका भावी नगरसेवकाचा फोटो एवढं सगळं हवं होतं. मी विचारलं, नंबर कुठे घालू? म्हणाले, "छोटा टाका की कुठंतरी."

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात पाठीवरचा नंबर किमान १६ सेंटिमीटर उंच लागतो, पुढचा किमान ८, आणि आकड्याच्या रेघेची जाडी किमान २ सेंटिमीटर. टेबलावर बसलेल्या स्कोअररला आणि शिटी मारणाऱ्या पंचाला तो आधी दिसला पाहिजे. जर्सीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा मुख्य रंगही एकच लागतो, त्यामुळे पुढून निळी आणि मागून पिवळी पतसंस्था असं चालत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ज्या संघाचं नाव आधी, त्याने फिका रंग घालायचा, शक्यतो पांढरा. दुसऱ्याने गडद.

एनबीएने २०१७ मध्ये घरचा पांढरा, पाहुण्यांचा गडद ही जुनी रीत सोडली आणि कुठला रंग कधी घालायचा ते यजमान संघावर ठेवलं. रंग वाढले की विक्री वाढते, हा त्यातला हिशोब. त्याचा एक गमतीदार परिणाम २०२१ मध्ये दिसला. अटलांटा आणि ओक्लाहोमा सिटी एवढ्या सारख्या रंगात मैदानात उतरले की मध्यंतरात एका संघाला जर्सी बदलावी लागली.

आमचा सल्ला: छातीवर संघाचं नाव, डावीकडे एक प्रायोजक. बाकीच्यांची नावं बेंचच्या मागच्या बॅनरवर.

आमचा पांढरा लोगो गुलाबी का झाला?

हा प्रश्न लाल जर्सीवालेच विचारतात, आणि चूक आमचीच होती, म्हणून सविस्तर सांगतो.

सब्लिमेशनमध्ये आधी डिझाइन कागदावर उलटं छापतात. मग तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंशाच्या प्रेसखाली मिनिटभर दाबतात. शाईचा रंग उष्णतेने सरळ वाफ होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. कापडावर थर बसत नाही, हात फिरवला तर काही लागत नाही. पण आत शिरलेल्या रंगाला पुन्हा तेवढंच गरम केलं की तो पुन्हा बाहेर यायला बघतो. त्या संघाने जर्सी तयार झाल्यावर शेवटच्या क्षणी प्रायोजक आणला. आम्ही घाईत साधं पांढरं व्हाइनिल, म्हणजे गरम करून चिकटवायचं प्लास्टिक, कापून वरून दाबलं. संध्याकाळी पांढरंशुभ्र होतं. तिसऱ्या दिवशी लाल रंग खालून चढला आणि दूधवाल्याचा लोगो फालुद्याच्या रंगाचा झाला. बारा जर्सी. प्रायोजकाने पैसे दिले नाहीत, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता कमी तापमानावर चिकटणारं, मागे राखाडी अस्तर असलेलं व्हाइनिल वापरतो. ते रंग अडवतं. त्याहून बरं म्हणजे प्रायोजकाचं नाव छपाईच्या आधी सांगा.

नायकेच्या जर्सी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनतात हे खरं का?

खरं आहे. २०१७ चे गणवेश आणताना नायकेने सांगितलं होतं की एका गणवेशात साधारण २० बाटल्यांएवढं पुनर्वापराचं पॉलिएस्टर आहे. यात चमत्कार काही नाही. पाण्याची बाटली ज्या पेट नावाच्या प्लास्टिकची, साधं पॉलिएस्टर सूतही त्याच जातीचं. बाटल्या निवडायच्या, झाकण-लेबल काढायचं, धुऊन त्यांचे बारीक काप करायचे, वितळवायचे आणि शेवयांच्या सोऱ्यासारख्या बारीक भोकांतून ओढायचे. थंड झालं की धागा. सब्लिमेशनची शाई या धाग्यात आणि नव्या धाग्यात फरक करत नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकारचं कापड आलं आहे. डोळे मिटून हात लावला तर मला ओळखू येत नाही.

त्याच हंगामात जर्सी फाटायला लागल्या होत्या, तेही आठवत असेल. पहिल्याच रात्री लेब्रॉन जेम्सच्या पाठीवरचे नंबर उभे चिरले. लोकांनी लगेच बाटल्यांना दोष दिला. मला पटत नाही. हलक्या, जाळीदार कापडात नंबर असा घट्ट बसवला की ताण नेमका त्याच्या कडेला येतो, आणि समोरच्याने मूठभर कापड धरून ओढलं की तिथूनच जातं. आमच्याकडे शंभर टक्के नव्या धाग्याच्या जर्सीही अशाच फाटून आल्या आहेत.

म्हणजे बाटलीचं कापड घेतलं की पर्यावरणाचं काम झालं?

थोडं झालं. नवं खनिज तेल कमी लागलं, वीजही कमी लागली. पण दोन गोष्टी त्या टॅगवर लिहिलेल्या नसतात.

एक: बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, आणि ती परत गोळा होऊ शकते. बाटलीची जर्सी झाली की ती साखळी बहुतेक वेळा तिथेच तुटते. छापलेल्या, इलॅस्टिक लावलेल्या, व्हाइनिल चिकटवलेल्या जर्सीपासून परत सूत काढणारा मला तरी सोलापुरात भेटलेला नाही. शिवाय धुताना पॉलिएस्टरचे बारीक तंतू पाण्यात जातात. धागा बाटलीचा असो वा नवा, ते जाणारच.

दुसरी गोष्ट मोठी आहे. जर्सी किती दिवस अंगावर राहते? एनबीएत प्रत्येक संघाचा 'सिटी एडिशन' नावाचा गणवेश २०१७-१८ पासून जवळजवळ दर वर्षी नवा येतो. त्याचा मुद्दाच नवा असणं हा आहे. गेल्या वर्षीचा जुना वाटला पाहिजे, नाहीतर यंदाचा विकणार कसा? २० बाटल्यांचं पुण्य आणि दर वर्षी नव्या जर्सीचं पाप एकाच दुकानात, एकाच हँगरवर टांगलेलं असतं.

प्रायोजक हा त्यातला वेग वाढवणारा. क्रिकेटचं बघा, ते सगळ्यांना पाठ आहे: सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम११, अपोलो टायर्स. नाव बदललं की घरातली जुनी जर्सी एका रात्रीत शिळी. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, ड्रीम११ बाजूला झालं आणि आशिया चषकात आपला संघ छातीवर कुठलंच प्रायोजक नाव न घेता खेळला. मला विचाराल तर इतक्या वर्षांतली तीच सगळ्यात देखणी जर्सी होती.

बेंगळुरूचा आयपीएल संघ २०११ पासून हंगामात एक सामना हिरव्या जर्सीत खेळतो. हेतू चांगला आहे. पण एका सामन्यासाठी वेगळी जर्सी शिवून पर्यावरणाचा संदेश द्यायचा, हे ऐकून आमचे कटिंग मास्तर मिशीत हसतात.

एनबीएची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी. सुरुवातीपासून प्रायोजकाची पट्टी असलेली जर्सी मुख्यतः संघाच्या स्वतःच्या दुकानात मिळते. बाहेर विकली जाणारी बहुतेक जर्सी बिनपट्टीची. म्हणजे करार संपला तरी चाहत्याचं कापड जुनं होत नाही. आम्ही हेच करतो. मूळ जर्सीवर संघाचं नाव आणि नंबर छापायचा, आणि प्रायोजक वेगळ्या शिवलेल्या पट्टीवर. पुढच्या वर्षी टाके उसवले की नवी पट्टी. विजापूर रोडचा एक संघ चौथ्या वर्षी त्याच जर्सी घालतोय. आमचा धंदा बुडतो, पण पट्ट्यांचे पैसे मिळतात.

सोलापूर म्हणजे सुताचं गाव. कॉटनची जर्सी का नाही करत?

सुती बनियन घालून मे महिन्यात पार्क मैदानाभोवती तीन चकरा मारा. ४४ अंशांत सुती कापड घाम पिऊन घेतं, जड होतं आणि अंगाला चिकटतं. पॉलिएस्टर घाम पीत नाही, जाळीतून तो वाऱ्यावर सोडून देतं. दुसरं म्हणजे सब्लिमेशनची शाई सुताला धरत नाही; दोन धुण्यांत भूत होतं.

आपल्या चादरीची गंमत वेगळी आहे. तिच्यावरचं नक्षीकाम छापलेलं नसतं, जॅकार्ड मागावर विणलेलं असतं. पंचकार्डाच्या भोकांप्रमाणे ताणा वर-खाली होतो आणि मोर उमटतो. तो मोर धुऊन जात नाही आणि चादर नातवापर्यंत पोचते. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, कुठल्याही घरात विचारा. छापणं स्वस्त आणि झटपट झालं, म्हणूनच दर वर्षी नवं डिझाइन परवडायला लागलं. विणायचं असतं तर कुणी दर वर्षी बदललं नसतं.

टॉवेल मात्र सुतीच घ्या. तो इथलाच घ्या.

एनबीएचं मैदान लाकडाचंच का? कुठलं लाकूड?

हार्ड मेपल. उत्तर अमेरिकेच्या थंड भागातलं झाड, हळू वाढतं, त्यामुळे रेषा दाट आणि लाकूड घट्ट. चेंडू सारखा उसळतो, पाया धरला जातो, आणि ते पुन्हा पुन्हा घासून वापरता येतं. नीट सांभाळलेलं मेपलचं मैदान कितीतरी वर्षं चालतं, कारण वरचा थर घासून काढला की खाली पुन्हा कोरं लाकूड असतं. एनबीएचं कोर्ट ९४ बाय ५० फूट, फिबाचं २८ बाय १५ मीटर. बहुतेक अरेनात, म्हणजे बंदिस्त स्टेडियमात, ते सुट्या फळ्यांचं असतं. आज बास्केटबॉल, उद्या गाण्याचा कार्यक्रम, परवा बर्फावरची हॉकी.

मला सगळ्यात आवडतं ते बोस्टन सेल्टिक्सचं पार्केट, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांचं मैदान. १९४६ मध्ये ते बनवलं तेव्हा युद्धानंतर लांब फळ्या मिळत नव्हत्या. मग ओकचे आखूड तुकडे घेतले आणि आडवे-उभे बसवले. टंचाईतून झालेलं ते चौकटीचं डिझाइन हीच पुढे संघाची ओळख बनली, आणि ते मूळ लाकूड १९९९ पर्यंत वापरलं गेलं. आमच्या आजीने जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवली होती, अगदी तशीच गोष्ट. पर्यावरणाचा एक शब्दही न उच्चारता पन्नासेक वर्षं टिकलेलं डिझाइन.

ब्रुकलिन नेट्सने २०१२ मध्ये हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या नक्षीचं कोर्ट आणलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. कापडवाल्यांना काय नवल? कोटाच्या कापडात ती वीण आम्ही रोज बघतो.

अलीकडे कोर्ट इतके भडक का रंगवतात?

भडक कोर्ट नवं नाही. १९७७ मध्ये मिलवॉकीच्या मेक्का अरेनाचं कोर्ट रॉबर्ट इंडियाना या चित्रकाराने रंगवलं होतं, पिवळंधमक, दोन्ही बाजूंना प्रचंड 'एम'. ते चित्र होतं, जाहिरात नव्हती.

आताचं वेगळं. २०२३ मध्ये एनबीएने हंगामाच्या मधली स्पर्धा सुरू केली आणि तिच्यासाठी सगळ्या ३० संघांची कोर्टं कडेपासून कडेपर्यंत रंगवून घेतली. हेतू एवढाच की टीव्ही चाळताना कुणालाही क्षणात कळावं, आज नेहमीचा सामना नाही. गटात प्रत्येक संघाचे घरचे सामने होते फक्त दोन. दोन रात्रींसाठी अख्खं कोर्ट! वर लाकडावर रंगाचा सलग थर आला की पाय नेहमीसारखा धरत नाही. बोस्टनच्या जेलन ब्राउनने टोरांटोतल्या सामन्यानंतर कोर्ट निसरडं असल्याची उघड तक्रार केली. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेला एमिरेट्स या विमान कंपनीचं नाव लागलं, म्हणजे रंगाचा खर्च कुणाच्या डोळ्यांसमोर ठेवून केला होता ते कळलं.

रंगवलेलं नाव पुसणंही सोपं नसतं. मायामीच्या अरेनाने २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी १९ वर्षांचा, १३ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोर. इमारतीपासून कोर्टापर्यंत सगळीकडून नाव खरवडणं आलं. म्हणून आता काही जाहिराती कोर्टावर नसतातच, फक्त टीव्हीच्या चित्रात टाकलेल्या असतात. एक थेंब रंग लागत नाही. मला ते मनापासून पटतं, फक्त खेळाडूच्या पायावरून अक्षरं सरकली की डोळे चक्रावतात.

काचेचं कोर्टही आलं आहे. जर्मनीच्या एएसबी ग्लासफ्लोरने बनवलेलं, खाली एलईडी. रेषा, लोगो, आकडे सगळं बटणावर बदलतं. २०२३ मध्ये माद्रिदला १९ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ते वापरलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडियानापोलिसला एनबीएच्या ऑल-स्टार शनिवारी. रंग-पॉलिश वाचतं, पण वीज लागते. जाहिरातदाराला मात्र अख्खी जमीनच पडदा म्हणून मिळते.

आमच्या सिमेंटच्या कोर्टावर प्रायोजकाचं नाव रंगवायचंय. चालेल?

रेषांच्या आत नको. एका स्पर्धेत मधल्या वर्तुळात चकचकीत स्टिकर लावला होता. पहिल्या क्वार्टरला कुणाला काही झालं नाही. तिसऱ्याला घामाचे थेंब पडले आणि एक पोरगा कोपरावर आपटला. घाम सिमेंटमध्ये जिरतो, प्लास्टिकवर तसाच राहतो, एवढं साधं कारण. ऑइल पेंटचंही तेच.

नाव बाहेरच्या पट्ट्यात घ्या, आणि तेही पाण्यात कालवायच्या, वाळू मिसळलेल्या अॅक्रिलिक रंगाने. रेषा ५ सेंटिमीटर रुंद आणि एकाच रंगाच्या. बोर्ड उभे करायचे तर रेषेपासून किमान २ मीटर लांब. रंग निवडताना फोटोपेक्षा ऊन बघा. काळं-जांभळं कोर्ट इन्स्टाग्रामवर झकास दिसतं, पण एप्रिलमध्ये दुपारी चारला त्यावर तळपाय ठेवून दाखवा. फिका हिरवा किंवा मातकट बरा.

लाकडी कोर्टाचा हट्ट धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: मेपलला हवेतली आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्क्यांत लागते. आपल्याकडे मे आणि ऑगस्ट यांत ती कुठून कुठे जाते! म्हणजे खेळ असो नसो, एसी चालू.

पर्यावरणपूरक अरेना म्हणजे नुसती जाहिरातच ना?

कधी हो, कधी नाही, कधी दोन्ही. सिअॅटलच्या अरेनाच्या नावाचे हक्क अॅमेझॉनने घेतले आणि नाव दिलं 'क्लायमेट प्लेज अरेना'. स्वतःचं नाव न लावता स्वतःच्या मोहिमेचं लावलं. जाहिरातीतला हा फार हुशार डाव.

सॅक्रामेंटोचं गोल्डन १ सेंटर २०१६ मध्ये उघडलं, ते सौरऊर्जेवर चालतं आणि पर्यावरणपूरक इमारतींच्या 'लीड' मानांकनात प्लॅटिनम दर्जाचं आहे. तिथे खेळणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईचे. त्यांचाच संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईला इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला, वरळीच्या डोममध्ये.

जुन्या जर्सी परत घेता का?

घेतो. पैसे देत नाही. बऱ्या असतील त्या नंबर तसाच ठेवून सरावासाठी शाळांना जातात. फाटक्यांच्या मशीन पुसायच्या चिंध्या होतात, पण पॉलिएस्टर तेल नीट पुसत नाही, मेकॅनिक शिव्या घालतात.

ऑर्डर किती दिवस आधी द्यायची?

पंधरा दिवस. नंबर, मापं आणि प्रायोजकाचं नाव एकदमच पाठवा, "नाव मागून सांगतो" नको. जूनमध्ये सगळं शहर शाळेचे गणवेश शिवत असतं, तेव्हा महिना धरा. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात फोनच करू नका. शेडला कुलूप असतं.